१८८चं मार्जिन कुठून आणलंत, दादा?

पत्र असं आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते:

"ताई नमस्कार. वय ३६, चाकणला एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या शिबिरात रक्तदान केलं, नंतर रक्तपेढीतून फोन आला, सरकारी दवाखान्यात तपासलं तर एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो. तेव्हा सीडी४ ६५५ होता, २९ टक्के. ओळखीचे एक जण म्हणाले एवढ्या चांगल्या सीडी४ला गोळ्या कशाला, एकदा चालू केल्या की जन्माच्या मागे लागतात, म्हणून मी सेंटरला गेलोच नाही. आता शंका आली म्हणून प्रायव्हेट लॅबमध्ये तपासलं. सीडी४ ३८८, १७ टक्के, व्हायरल लोड १,१२,०००. तो आकडा बघून दोन रात्री झोप नाही. नेटवर वाचलं की २००च्या खाली गेलं की एड्स, म्हणजे माझ्याकडे अजून १८८चं मार्जिन आहे ना? तब्येत ठणठणीत आहे, कामावर एक खाडा नाही. फक्त वजन ६८चं ६१ झालंय, ते नाइट शिफ्टमुळे असेल. मागच्या वर्षी नागीण निघाली होती ती गेरू लावून बरी झाली. बायकोला सगळं माहीत आहे, तिची टेस्ट तेव्हा निगेटिव्ह आली होती. अजून थोडं थांबलं तर चालेल का, की व्हायरल लोड परत एकदा करून बघू?"

दादा, नमस्कार. पहिल्यांदा एक सांगते, मी डॉक्टर नाही, काउन्सेलर आहे, एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या टेबलावर बसून बरीच वर्षं गेलीत माझी, त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं मी रोज बघते. आणि तुमचं पत्र वाचून मला जे वाटलं ते सरळ सांगते. तुम्ही ज्या आकड्याला घाबरलात तो गोळ्या सुरू झाल्या की सगळ्यात आधी पडणारा आकडा आहे, आणि ज्या गोष्टी तुम्ही "फक्त" म्हणून पत्राच्या शेवटी लिहिल्यात ना, वजन आणि नागीण, त्यावर माझी नजर सगळ्यात आधी गेली.

एचआयव्हीची गोळी अजून न घेतलेल्या माणसाचं आमच्याकडे तीन बाजूंनी बघतात. अंगावर काय दिसतंय, सीडी४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किती, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती. लोकांना वाटतं तिन्ही एकच गोष्ट सांगतात, एक चांगलं आलं की बाकीचं बघायची गरज नाही. तसं नाही ते. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. सीडी४ म्हणजे टाकीत आज पाणी किती उरलंय. व्हायरल लोड म्हणजे टाकीला खालून गळती किती जोरात आहे. आणि अंगावरची लक्षणं म्हणजे खाली घरात नळाला धार कशी येतीये. टाकी अर्धी भरलेली असली तरी नळाची धार बारीक झाली असेल तर काहीतरी गडबड आहेच ना, आणि टाकी अर्धी आहे म्हणून गळती तशीच ठेवून कोणी झोपत नाही.

आता नळापासूनच सुरू करू, कारण त्याला लॅब लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या चार स्टेज ठरवल्यात, नुसत्या माणसाला बघून, विचारून, वजन करून कळतील अशा. पहिल्या स्टेजला काहीच नाही किंवा मानेत-काखेत गाठी, बास. दुसरीत थोडं वजन उतरणं, नागीण, सारखं तोंड येणं, अंगावर खाजणारे पुरळ, नखांची बुरशी, ओठाच्या कडा फाटणं असले प्रकार. तिसरीत महिनाभर न थांबणारे जुलाब, महिनाभर येणारा ताप, तोंडात पांढरी बुरशी, फुप्फुसाचा टीबी, आणि कारण न सापडता १० टक्क्यांपेक्षा जास्त वजन जाणं. चौथीत मेंदूचे आजार, विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया, फुप्फुसाबाहेरचा टीबी, हाडाचा सापळा होणं वगैरे, ज्याला लोक एड्स म्हणतात ते सगळं.

तुमची नागीण दुसऱ्या स्टेजला बसते. छत्तिशीत नागीण निघणं म्हणजे एचआयव्हीच असं अजिबात नाही, बिनएचआयव्हीच्या माणसालाही निघते, पण पॉझिटिव्ह माणसाला निघाली तर ती प्रतिकारशक्ती ढिली पडल्याची खूण धरतात. आपल्याकडे नागीण म्हटलं की गेरू, मंत्र, आणि तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला, एवढंच बघतात सगळे. विळखा पूर्ण झाला नाही म्हणून सुटलो असं तुम्हालाही वाटलं असणार. ती गेरूने नाही गेली दादा, ती आपली आपण जाते दोन-चार आठवड्यांत, पण जाताना जे सांगून गेली ते कोणी ऐकलं नाही.

आणि वजन. ६८चे दहा टक्के म्हणजे ६.८ किलो. तुमचं उतरलंय ७. म्हणजे तिसऱ्या स्टेजची रेघ तुम्ही २०० ग्रॅमने ओलांडलीये. आता २०० ग्रॅम म्हणजे काय हो, खिशातला मोबाइल, पायातले सेफ्टी शूज तर त्याहून कितीतरी जड, म्हणून मी या आकड्यावर शपथ घेणार नाही, ६८ कुठल्या काट्यावर होते आणि ६१ कुठल्या काट्यावर ते मला माहीत नाही. पण सात किलो म्हणजे पॅन्टला बेल्टची दोन भोकं आत जातात, ते काट्याने नाही, बेल्टने कळतं. नाइट शिफ्ट तुम्ही आजपासून करत नाही. मग आत्ताच का उतरलं?

हे नुसतं स्टेजच्या खेळासाठी विचारत नाहीये. वजन उतरलेला पॉझिटिव्ह माणूस समोर आला की आमच्याकडे पहिला संशय टीबीचा असतो. चार प्रश्न ठरलेले आहेत, प्रत्येक वेळेला विचारायचे म्हणजे विचारायचेच: खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालंय का, रात्री घाम सुटतो का. चारातलं एकाला जरी हो असलं की टीबीची तपासणी पुढे सुरू, एक्स-रे, बेडका. तुमचं एक हो तर तुम्हीच लिहून पाठवलंय. बाकीचे तीन मी इथून विचारते, रात्री उशी ओली होते का? संध्याकाळी अंग कसकसतं का? लाज वाटून नाही म्हणू नका, सेंटरला खरं सांगा, कारण टीबी निघाला तर सगळा क्रम बदलतो. टीबीच्या गोळ्या आधी सुरू होतात, एचआयव्हीच्या त्यानंतर लगेच, बहुधा दोन आठवड्यांच्या आत, आणि मेंदूचा टीबी असला तर आणखी थांबून. त्यात टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन हे एचआयव्हीच्या गोळीतलं डोल्यूटेग्राविर शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून ते दिवसातून दोन वेळा द्यावं लागतं. अशावेळी कोणी ओळखीने मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून चालू केल्या तर किती घोळ होईल बघा. टीबी नसला तरी शुगर, थायरॉइड, पोटातले जंत, सगळं बघतात वजनासाठी, त्यामुळे घाबरायचं नाही, पण "शिफ्टमुळे" म्हणून सोडायचंही नाही.

अजून एक काम आज रात्री करा. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावा आणि जीभ, टाळू, गालाच्या आतली बाजू बघा. दह्यासारखे पांढरे ठिपके असतील आणि खरवडले की निघत असतील तर ती बुरशी. जिभेच्या कडेला पांढरे उभे पट्टे, खरवडून न निघणारे, ते वेगळं. दोन्ही तिसऱ्या स्टेजच्या खुणा आहेत. दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, नाही दिसलं तर छानच.

आता तुमचं १८८चं मार्जिन. हे मार्जिन कुठून आलं ते मला चांगलं माहितीये, कारण ते आम्हीच पसरवलंय एके काळी. भारतात सरकारी एआरटी मोफत सुरू झाली एप्रिल २००४ला, तेव्हा औषधं कमी, माणसं जास्त, म्हणून सीडी४ २००च्या खाली गेलेल्यांना किंवा फारच आजारी असलेल्यांना आधी. नंतर ती रेघ ३५०वर आली, मग ५००वर, आणि २०१७मध्ये नॅकोने, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने रेघच पुसून टाकली, पॉझिटिव्ह आहे ना, मग सीडी४ काही असो, गोळ्या सुरू. पण त्याच्या आधीची वर्षं मी पण याच टेबलावर बसून सांगितलंय लोकांना, "दादा, तुमचा ४१० आहे, छान आहे, सहा महिन्यांनी या." त्यांचं नाव प्री-एआरटी रजिस्टरला, म्हणजे गोळ्या अजून सुरू न झालेल्यांच्या वहीत जायचं. काही यायचे सहा महिन्यांनी. काही वर्षाने यायचे, आणि तेव्हा भाऊ धरून आत आणायचा. त्या रजिस्टरची पानं मला अजून आठवतात, त्यामुळे "थांबलं तर चालेल का" हा प्रश्न कोणी विचारला ना की माझा आवाज जरा चढतोच, माफ करा.

रेघ पुसली गेली ती उगाच नाही. स्टार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, ३५ देशांत, ४,६८५ माणसं, सगळ्यांचे सीडी४ ५००च्या वर. निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना सीडी४ ३५०पर्यंत उतरल्यावर. २०१५मध्ये तो मधेच थांबवून सगळ्यांना औषध द्यायला सांगितलं, कारण लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यू झाले ४२ जणांत, थांबलेल्यांत ९६. आणि मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की यातल्या बहुतेक घटना सीडी४ ५००च्या वर असतानाच घडल्या. म्हणजे तुमचा ६५५ होता तेव्हाही तो "सेफ" नव्हता. २०० ही धोका सुरू होण्याची रेघ नाहीये, तिथून धोका फार वाढतो आणि जास्तीच्या तपासण्या, जास्तीची औषधं लागतात अशी रेघ आहे. आणि आमच्याकडे आजार पुढे गेलाय असं धरायला सीडी४ २००च्या खाली असावाच लागतो असंही नाही, तिसरी-चौथी स्टेज असली तरी तेवढंच पुरतं. म्हणजे वजनाचं कारण सापडलं नाही तर ३८८ असूनही डॉक्टर तुम्हाला त्याच रांगेत धरतील. गेलं ना मार्जिन!

सीडी४चा रिपोर्ट कसा वाचायचा तेही सांगते, कारण तुम्ही टक्केवारी लिहून पाठवलीत आणि फार कमी लोक ती बघतात. नुसता सीडी४चा आकडा चंचल असतो. सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा, सर्दी-ताप झाला की खाली, लॅब बदलली की थोडा इकडेतिकडे, स्टिरॉइड घेतली असतील तर अजून वेगळा. ६५५चा ५८० आला म्हणून मी कोणाला घाबरवणार नाही. पण टक्केवारी त्यामानाने एका जागी बसून राहते. तुमच्या दोन्ही रिपोर्टचं गणित मी कागदावर केलं: ६५५ हे २९ टक्के, म्हणजे एकूण लिम्फोसाइट (ज्या पांढऱ्या पेशींत सीडी४ मोडतात त्या) झाल्या साधारण २,२६०. आता ३८८ हे १७ टक्के, म्हणजे एकूण साधारण २,२८०. बघा, एकूण पेशी जिथल्या तिथे, त्यातल्या सीडी४ मात्र २९ वरून १७ टक्क्यांवर. सर्दीमुळे किंवा लॅबमुळे सगळंच खाली आलं असतं तर टक्का तसाच राहिला असता. इथे टक्काच घसरलाय, म्हणजे ही खरी घसरण आहे. आणि औषध न घेणाऱ्या माणसाचा सीडी४ वर्षाला सरासरी ५० ते १०० ने उतरतो, तुमचा दोन वर्षांत २६७ ने उतरलाय. २००ची रेघ म्हणजे साधारण १४ टक्के धरतात. १७ आणि १४ मध्ये किती अंतर आहे ते तुम्हीच बघा, तुम्ही मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं.

आता तो झोप उडवणारा व्हायरल लोड. १,१२,००० म्हणजे एक मिलिलिटर रक्तात व्हायरसच्या एवढ्या कॉपी. ऐकायला भयंकर वाटतं पण गोळी न घेतलेल्या माणसात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कितीही येतो, नवीन नवीन लागण झालेल्यांत तर कोटीतही जातो. तुमचा आकडा वरच्या बाजूचा आहे, आणि गळती मोठी असली की टाकी लवकर उतरते, तुमचा सीडी४ भराभर का पडला त्याचं उत्तर बऱ्यापैकी इथेच आहे. पण परत करून बघू नका. रिपोर्टवर खाली लॉग म्हणून एक छोटा आकडा असेल, ५.०५ च्या आसपास, लोड दहापट झाला की तो एकने वाढतो, तो खरा बघायचा. परत केलात आणि ८०,००० आला किंवा दीड लाख आला तरी त्याचा अर्थ काहीच नाही, तिप्पट फरक पडला तरच खरा बदल समजतात. ताप-सर्दीत किंवा लस घेतल्यावर तर उगाचच थोडे दिवस वाढतो. ते पैसे वाचवा, पोरीला दप्तर घ्या. सरकारी सेंटरला सुरुवातीला व्हायरल लोड साधारण करतच नाहीत, कारण तो १०,००० असो की १० लाख, करायचं एकच असतं, गोळी सुरू. खरा कामाचा व्हायरल लोड गोळ्या सुरू करून सहा महिन्यांनी होतो, तो मोफत असतो, आणि त्यावरून गोळी लागू पडतीये का, तुम्ही रोज घेताय का, ते कळतं. हल्लीच्या गोळीने बहुतेकांचा लोड पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच शंभरपट खाली येतो. तुमचा लाख हजारावर यायला दिवाळी ते संक्रांत एवढा पण वेळ लागणार नाही, रोज घेतलीत तर. सीडी४ मात्र हळू चढतो, वर्षाला ५० ते १५०, टाकी गळायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा भरायला जास्त लागतो. म्हणून म्हटलं, घाबरलात चुकीच्या आकड्याला.

तुमच्या ओळखीच्यांसारखी माणसं आमच्याकडे नेहमी एक उदाहरण सांगतात, अमक्याने कधीच गोळी घेतली नाही आणि तो ठणठणीत आहे. असतात अशी माणसं, गोळीशिवाय व्हायरस दाबून धरणारी, पण शंभरात एकसुद्धा नाही, आणि तुमचा १,१२,००० बघता तुम्ही त्यातले नाही हे नक्की. उलट कोणाचा गोळीशिवाय लोड शून्य आला ना तर मी आधी विचारते की एचआयव्ही-२ तर नाही ना, कारण आपल्याकडे तो थोड्या लोकांत सापडतो आणि नेहमीची व्हायरल लोडची टेस्ट फक्त एचआयव्ही-१ मोजते, एचआयव्ही-२वाल्याला "शून्य" देऊन मोकळी होते. तुमच्या सरकारी रिपोर्टवर कुठला टाइप लिहिलाय तो एकदा बघा, तो सेंटरला लागतोच.

सेंटरला काय काय होईल ते पटकन सांगते म्हणजे पोटात गोळा येणार नाही. नोंदणी, वजन-उंची, डॉक्टर जीभ, मान, काखा, पोट बघतील. रक्तात हिमोग्लोबिन आणि पेशी, क्रिएटिनिन, लिव्हर, शुगर, गुप्तरोगाची टेस्ट, कावीळ बी आणि सी. कावीळ बी ला कंटाळू नका, तुमच्या गोळीतली दोन औषधं, टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन, कावीळ बी वर पण चालतात, म्हणून बी असेल आणि कोणी मधेच गोळी सोडली तर लिव्हर भडकू शकतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. क्रिएटिनिन किडनीसाठी, ते पण टेनोफोव्हिरमुळेच. छातीचा एक्स-रे. शिवाय दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून सेप्ट्रानची गोळी देतात सीडी४ ३५०च्या खाली असेल तर, किंवा तिसरी-चौथी स्टेज असेल तर, म्हणजे ३८८वर तुम्हाला नाही आणि वजनावर आहे, परत त्या काट्यावर आलो बघा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. टीबी नाही असं ठरलं तर टीबी होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात. आणि एचआयव्हीची म्हणाल तर तीन औषधांची एकच गोळी, दिवसातून एकदा. पूर्वी मूठभर असायच्या.

हे सगळं ऐकून वाटेल की सगळे रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबणार. तसंही नाही, टीबीचा किंवा मेंदूच्या आजाराचा संशय नसला तर काही दिवसांतच सुरू करतात. रिपोर्ट हे गोळी द्यायची की नाही ते ठरवायला नसतात आता, गोळीच्या जोडीला अजून काय लागेल ते ठरवायला असतात.

वहिनींचं. दोन वर्षांपूर्वीची निगेटिव्ह टेस्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. लाखाच्या वर लोड असताना लागण व्हायची शक्यता जास्त असते, त्यामुळे त्यांना तुमच्याबरोबरच घेऊन जा, टेस्ट त्याच दिवशी, आणि निगेटिव्ह आली तरी नंतर दर सहा महिन्यांनी. कंडोम आजपासून, अपवाद नाही. गोळ्या नीट चालू राहिल्या आणि लोड सापडेनासा झाला, टिकून राहिला, की तुमच्याकडून त्यांना शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय, आणि आणखी मूल हवं असेल तरी त्याचा रस्ता तिथूनच जातो. त्या दोन वर्षं तुमच्याबरोबर उभ्या राहिल्यात, त्यांना हे तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मला माहितीये तुम्ही सेंटरला का गेला नाहीत, गावाकडचं कोणी भेटेल म्हणून. जवळचंच सेंटर घ्यावं असं नाही, दुसऱ्या तालुक्यातलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं चालतं, नंतर बदलूनही मिळतं. २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही आणि या कारणावरून कंपनी तुम्हाला काढू शकत नाही. सेंटर कुठे आहे ते विचारायला १०९७ वर फोन करा, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.

नाइटला असाल तर ड्युटी सुटली की सकाळी थेट जा, झोप नंतर काढा. सोबत सरकारी दवाखान्याचा पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट, दोन्ही सीडी४चे कागद, ६५५वालासुद्धा, तो जुना म्हणून घरी ठेवू नका, घसरण त्याच्याशिवाय दिसत नाही, आधार कार्ड आणि दोन फोटो. नागीण कुठल्या बाजूला निघाली होती ते डॉक्टरांना शर्ट वर करून दाखवा, डाग असतील अजून. आणि वजन करताना सेफ्टी शूज काढा. मग खरे किती भरले ते मला परत लिहा.